बंदूक कुठे ठेवली आहे, हे तुमच्या घरात कुणाकुणाला माहीत आहे?

गेल्या काही दिवसांत तिघांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. एक रस्त्याची कामं घेणारे कंत्राटदार, एक सोन्याचांदीचे दुकानदार आणि एक मुंबईची नोकरी संपवून गावच्या घरी राहायला आलेले काका. तिघांकडेही परवान्याचं पिस्तूल नाहीतर रिव्हॉल्वर आहे. प्रश्न असा : "बेडरूममध्ये उशाशी ठेवायला एक छोटी तिजोरी घ्यायची आहे. बोट लावलं की पटकन उघडणारी. कुठली घेऊ? तुम्ही पत्रकार लोक, तुम्हाला सगळं माहीत असतं."

पत्रकाराला सगळं माहीत असतं हा समज आम्हीच पसरवलाय, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. मी स्वतः बंदूकवाला नाही, होण्याची इच्छाही नाही. पण पोलीस ठाणं, पंचनामा, सिव्हिल हॉस्पिटल आणि कोर्ट या चार ठिकाणी इतकी वर्षं फिरल्यावर एवढं कळतं की हत्याराच्या बातम्या बहुतेक वेळा हत्यार ठेवण्याच्या जागेपासून सुरू होतात. त्यामुळे तिघांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहितो. ज्यांच्याकडे बंदूक नाही त्यांनीही वाचा, कारण तुमची पोरं कुणाच्या ना कुणाच्या घरी खेळायला जातातच.

आधी एक प्रसंग, तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. १ ऑक्टोबर २०२४, मुंबईत जुहू. पहाटे पावणेपाचच्या सुमाराला अभिनेता गोविंदा बाहेरगावी निघायच्या तयारीत होते. परवान्याचं रिव्हॉल्वर कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, गोळी सुटली आणि डाव्या पायात गुडघ्याखाली लागली. शस्त्रक्रिया करून गोळी काढली, तीन दिवसांनी ते घरी आले. त्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर विनोदांचा पाऊस पडला. मला विनोद सुचला नाही. माणूस अनुभवी, हत्यार त्याचंच, परवाना त्याच्याच नावावर, घर त्याचंच, आणि करत काय होता, तर हत्यार कपाटात ठेवत होता! म्हणजे जी गोष्ट आपण सुरक्षित म्हणतो तीच करत होता. नशीब म्हणायचं की गोळी पायाला लागली आणि त्या वेळी शेजारी कुणी झोपलेलं नव्हतं.

जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्वरमध्ये घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची पद्धत होती, ती उगीच नव्हती. हत्यार घोड्यावर आपटलं तर धक्का थेट काडतुसाच्या बुडाशी पोचतो. नव्या हत्यारांत त्यासाठी आतच अडसर असतो. तुमच्याकडे वडिलांच्या वेळचं रिव्हॉल्वर असेल तर ते कुठल्या प्रकारचं आहे हे परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्या. तिजोरीचं नंतर बघू.

आता तिजोरी. 'बोट लावलं की पटकन उघडणारी' ही कल्पना मुळात अमेरिकेतून आलेली आहे. तिथे घरोघरी पिस्तुलं आणि घरोघरी पोरं. एकीकडे पोराच्या हाती लागू नये, दुसरीकडे रात्री चोर शिरला तर दोन सेकंदांत हाती यावं, या ओढाताणीतून ही छोटी पेटी जन्माला आली. पुस्तकाएवढी, पलंगाच्या कडेला किंवा ड्रॉवरमध्ये बसवायची. आपल्याकडे ती ऑनलाइन मिळायला लागली, आणि तिच्याच शेजारी हॉटेलच्या खोलीत असतो तसला आकड्यांचा लॉकरही मिळतो. बहुतेक लोक दुसराच घेतात आणि पहिला घेतल्याच्या समाधानात झोपतात.

बोटाच्या ठशाबद्दल बोलतो. रत्नागिरी जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला ठशाचं मशीन म्हणजे काय हे मी सांगायची गरज आहे का? रेशन दुकानात जाऊन उभे राहा. आजी अंगठा लावते, मशीन नाही म्हणतं. अंगठा पदराला पुसून पुन्हा लावते, नाही म्हणतं. दुसरा अंगठा, मग बोट. शेतात राबलेले, काजू सोललेले, चिऱ्याच्या खाणीत घासलेले, मासळी साफ केलेले हात ते. बागायतदाराच्या आणि कंत्राटदाराच्या हाताची गोष्ट फार वेगळी नसते. आणि त्यात आपला पावसाळा! चार महिने सगळं ओलं, हात ओले, कपडे ओले, काचेवर वाफ. ज्या माणसाचा अंगठा दुपारी बारा वाजता रेशन दुकानात चालत नाही, तो रात्री दोन वाजता घाबरून घामेजलेल्या अवस्थेत चालेल, या भरवशावर तुम्ही पैसे घालणार?

हे झालं न उघडण्याचं. उघडू नये तेव्हा उघडणं ही त्याहून वाईट गोष्ट. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने ठशावर चालणाऱ्या सुमारे ६१ हजार बंदूक-तिजोऱ्या परत मागवल्या. कारण, नोंद नसलेल्या माणसाच्या बोटानेही त्या उघडू शकत होत्या. त्यात एका बारा वर्षांच्या मुलाचा जीव गेल्याचा दावा कोर्टात दाखल झालेला होता. घरमालक समजत होते की पेटी फक्त आपल्यालाच ओळखते!

त्याच्याही आधी, २०१२ साली, मार्क टोबायस नावाच्या तिथल्या कुलूपतज्ज्ञाने नामांकित दुकानांत विकल्या जाणाऱ्या अशा पेट्या घेतल्या आणि त्यातल्या काही एका तीन वर्षांच्या पोराकडून उघडून दाखवल्या. काही पेट्या नुसत्या उचलून आपटल्या तरी उघडत. यात जादू काही नाही. स्वस्त डिजिटल कुलपाच्या आत एक छोटी लोखंडी कांडी स्प्रिंगवर बसवलेली असते. बरोबर आकडा दाबला की वीज तिला मागे ओढते आणि मूठ फिरते. पेटीला वरून गुद्दा मारला तर धक्क्यानेही ती कांडी क्षणभर मागे सरकते, आणि त्याच क्षणी मूठ फिरवली की झालं. तुमच्या घरी दागिन्यांसाठी असा लॉकर असेल तर भिंतीला ठोकायच्या आधी आज संध्याकाळी हा प्रयोग करून बघा. रिकाम्या लॉकरवर करा, आणि पोरांच्या समोर करू नका म्हणजे मिळवली.

मग घ्यायचं काय? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. आपल्या हवेत, आपल्या हातांना, यांत्रिक कुलूप बरं. दणकट किल्लीचं, नाहीतर चार-पाच बटणं ठरावीक क्रमाने दाबायचं, ज्याला सेल लागत नाही असं. बटणांचं कुलूप अंधारात बोटांच्या सवयीने उघडता येतं, चष्मा शोधावा लागत नाही. इलेक्ट्रॉनिकच घ्यायचं असेल तर आतला सेल संपल्यावर बाहेरून जोडता येईल अशी सोय आहे का आणि पर्यायी किल्ली कसली आहे ते बघा. मोबाईलसारखं चार्ज करावं लागणारं तर घेऊच नका. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे वीज किती दिवस नव्हती ते तिकडच्यांना विचारा. पर्यायी किल्लीबद्दल आणखी एक. काही पेट्यांच्या मागे जी गोल किल्ली देतात, ती बॉलपेनच्या नळीनेसुद्धा फिरवता येईल इतकी साधी असते. पुढे ठशाचं मशीन, मागे खेळण्यातलं कुलूप. चोर पुढून येईलच असं त्याने कुठे लिहून दिलेलं नसतं.

पत्रा जाड हवा. इथे एक गंमत लक्षात ठेवा, गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. १४ गेज म्हणजे साधारण दोन मिलिमीटर, १८ गेज म्हणजे जेमतेम सव्वा. दुकानदार '१८ गेज' असं छाती फुगवून सांगतो आणि आपण मान डोलावतो. सव्वा मिलिमीटरचा पत्रा मोठ्या स्क्रूड्रायव्हरने उचकटतो.

आणि पेटी कशाला तरी घट्ट बांधलेली हवी. पाच-सहा किलोची सुटी पेटी म्हणजे चोराला दिलेलं पार्सल, तो घरी नेऊन निवांत फोडेल. इथे आपल्याकडची एक अडचण आहे, जी कुठल्याच जाहिरातीत नसते. आपली घरं चिऱ्याची. जांभा दगड सच्छिद्र, त्यात फास्टनर धरेलच असं नाही. ठोकताना भुगा पडतो आणि भोक मोठं होत जातं. त्यामुळे जमलं तर काँक्रीटच्या कॉलमला नाहीतर स्लॅबला बोल्ट करा, किंवा जुन्या सागवानी पलंगाच्या चौकटीला आरपार बोल्ट टाकून आतून नट लावा. लोखंडी कपाटाच्या आत, मागच्या पत्र्याला दोन ठिकाणी बांधली तरी चालेल. जमिनीलगत मात्र नको. का नको हे चिपळूणकरांना विचारा. २२ जुलै २०२१ ला पाणी कुठवर चढलं होतं याच्या खुणा अजून काही भिंतींवर आहेत.

दमटपणाचंही बघा. बंद पेटी, वर चामड्याचं पाकीट, आणि खारी हवा. मिऱ्या, मांडवी, पावस, गणपतीपुळे, जयगड, कुठल्याही किनाऱ्यावरच्या घरात लोखंडी कडी सुद्धा दोन पावसाळे टिकत नाही. चामडं ओल धरून ठेवतं. पेटीत हत्यार पाकिटाबाहेर, तेलाचा हात दिलेल्या कापडावर, आणि सिलिका जेलची पुडी. ती पुडीही अधूनमधून वाळवावी लागते. गंजलेलं हत्यार हे चालत नाही म्हणून धोक्याचं नसतं, ते नको तेव्हा चालेल की काय याची खात्री नसते म्हणून धोक्याचं असतं.

इतका वेळ पेटीबद्दल बोललो. पण मला खरं बोलायचंय ते 'पटकन' या शब्दाबद्दल.

तिघांपैकी एकालाही मी विचारलं, "पटकन कशासाठी?" तर उत्तर आलं, "चोर आला तर." ठीक आहे. रत्नागिरीत चोऱ्या होतात, मीच बातम्या देतो. पण बहुतेक कुठे होतात? बंद घरात. चाकरमानी मुंबईला, घराला कुलूप, मागीलदाराची कडी उचकटलेली. तिथे पेटी किती सेकंदांत उघडते याला काही अर्थ नाही, कारण उघडणारा घरात नाहीच. तिथे पेटी किती वेळ *उघडत नाही* याला अर्थ आहे. आणि घरात माणसं असतात तेव्हा? तेव्हा त्या उशाजवळच्या हत्याराच्या सर्वात जवळ चोर नसतो. बायको असते, मुलगा असतो, नातू असतो, भाऊ असतो. आणि स्वतः मालक असतो, कधी रागात, कधी दारूत, कधी कर्जाने खचलेला.

२२ एप्रिल २००६ ची सकाळ. वरळीच्या फ्लॅटमध्ये प्रमोद महाजनांवर सख्ख्या भावाने गोळ्या झाडल्या. हत्यार परवान्याचं होतं. अकरा दिवसांनी, ३ मे रोजी महाजन गेले. महाराष्ट्राचं राजकारण त्या सकाळी बदललं, त्यावर भरपूर लिहून झालंय. मी त्यातली एवढीच गोष्ट उचलतो : ते हत्यार बाहेरच्या शत्रूसाठी घेतलेलं असणार, आणि चाललं ते घरच्या माणसावर. अशा वेळी कुठलीही पेटी उपयोगाची नाही हे मला कळतं, घरातून ठरवून हत्यार घेऊन निघालेल्या माणसाला कुलूप अडवत नाही. पण प्रत्येक जण ठरवून निघत नाही. पुष्कळ वेळा सगळं दोन मिनिटांत घडतं, आणि तिसऱ्या मिनिटाला माणूस डोकं धरून बसलेला असतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कुलपात असतील, तर मध्ये चालत जायला दोन खोल्या लागतात. त्या दोन खोल्यांवर माझा 'पटकन'पेक्षा जास्त विश्वास आहे. आत्महत्येच्या बातम्या देऊन देऊन झालेला हा विश्वास आहे, जास्त बोलत नाही.

दुसरी घटना अलीकडची. ८ फेब्रुवारी २०२४, मुंबईचं उत्तर टोक. माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर फेसबुक लाइव्हवर बोलत असताना मॉरिस नोरोन्हा याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि नंतर स्वतःलाही मारून घेतलं. व्हिडिओ अख्ख्या राज्याने बघितला. नंतर पोलिसांनी जे सांगितलं ते फार कुणी ऐकलं नाही. पिस्तूल नोरोन्हाचं नव्हतं, त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचं होतं, आणि ते नोरोन्हाच्याच ऑफिसातल्या लॉकरमध्ये ठेवलेलं असायचं.

म्हणजे बघा, तिथे लॉकर होता! परवानाही होता. चुकलं ते एवढंच की लॉकरपर्यंत हात कुणाचा पोचतो हा प्रश्न राहून गेला.

म्हणून पेटी घ्यायला निघालेल्या माणसाला माझा पहिला प्रश्न 'बजेट किती' हा नाही. किल्ली कुणाकडे राहणार, आकडा कुणाला माहीत असणार, हा आहे. आपल्या घरांत गुप्त असं काही नसतं हो. किल्ली देवघरात समईच्या मागे, हे नातवालासुद्धा ठाऊक. आकडा कोणता, तर गाडीचा नंबर, नाहीतर मुलीची जन्मतारीख. एका ओळखीच्यांनी मोठ्या विश्वासाने मला सांगितलं, "कोड आमच्या हिला पण माहीत आहे, मी नसलो तर तिला उपयोगी." वहिनींना हत्यार कसं धरायचं हे कधी दाखवलंय का, तर नाही. आणि परवाना वहिनींच्या नावावर आहे का, तोही नाही. परवाना ज्याच्या नावावर, हत्यार त्याच्याच ताब्यात, कायदा इतका साधा आहे. घरातल्या बाकीच्यांना कोड देणं म्हणजे त्यांच्या हाती हत्यार देणंच की.

हे सगळं पिस्तूलवाल्यांचं झालं. पण आपल्या जिल्ह्यात पिस्तूल मूठभरांकडे, खरी गोष्ट आहे ती राखणीच्या बंदुकीची. ठासणीची, नाहीतर एकनळी काडतुसी. रानडुकरं एका रात्रीत भात लोळवतात, वानर कलमांवर उतरले की महिनाभराची मेहनत जमिनीवर पडते. १९५९ च्या शस्त्र कायद्यातच पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, तो आपल्यासारख्यांसाठीच. या बंदुकीला उशाजवळची पेटी काय कामाची? ती चार फुटी. ती कुठे असते? वाशाला टांगलेली, दाराच्या मागे उभी, माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली. दारू आणि छर्रे फडताळात, मुलांच्या वह्यांच्या वरच्या कप्प्यात. राखणीला आज मालक, उद्या गडी, परवा भाचा. शेतकऱ्याची चेष्टा करायला हे लिहीत नाही. पहाटे तीनला शिवारातून परत आलेला माणूस आधी पाय धुणार की कुलूप लावणार?

पण गणपती आठवा. एरवी दोन म्हातारी माणसं राहतात त्या घरात पंचवीस-तीस माणसं. मुंबईहून, पुण्याहून आलेली आठ-दहा पोरं. पाऊस पडतोय, बाहेर जाता येत नाही, मोबाईलला रेंज नाही. मग लपंडाव. मागची पडवी, माजघर, माळा, पलंगाखाली, कपाटात. गावच्या पोराला निदान माहीत असतं की त्या कोपऱ्यात हात लावायचा नाही. मुंबईच्या पोराला ती बंदूक म्हणजे गेममधली बंदूक. मोठी माणसं ओटीवर आरतीत. इथे मी थांबतो, पुढचं चित्र तुमचं तुम्ही रंगवा.

आपल्याकडे सरकार बंदूक कुठे आहे हे विचारतं कधी? आचारसंहिता लागली की. २०२४ च्या लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, आपल्याकडे मतदान ७ मेला झालं. म्हणजे ऐन काजू-आंब्याच्या हंगामात. अशा वेळी परवानाधारकांपुढे हत्यार जमा करण्याचा विषय येतो, छाननी समिती बसते, कुणाचं जमा करायचं कुणाचं नाही याच्या याद्या होतात. बागायतदार ओरडतात, आणि त्यांचं ओरडणं काही अगदी चूक नाही. हरकत मला वेगळीच आहे. मतदाराला बंदुकीची भीती वाटू नये म्हणून एवढी यंत्रणा हलते, मग त्याच बंदुकीखाली वर्षभर झोपणाऱ्या पोरासाठी काय हलतं?

कायद्यात नाही असं नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना मागणाऱ्याने हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी द्यायची असते, हाताळण्याचं प्रशिक्षणही अपेक्षित आहे. २०१९ च्या दुरुस्तीने जास्तीत जास्त हत्यारं तीनवरून दोनवर आली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली, आणि निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. नव्या न्याय संहितेत हलगर्जीपणाने मृत्यू ओढवला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कागद भरपूर आहे. पण ओळखीतल्या ज्या ज्या परवानाधारकांना मी विचारलं, त्यांच्यापैकी एकानेही नूतनीकरणाच्या वेळी "ठेवता कुठे ते दाखवा" असं कुणी म्हटल्याचं सांगितलं नाही. हमी म्हणजे एक सही. ती सही झेरॉक्सच्या दुकानात टेबलावर वाकून केलेली असते.

ब्रिटनमध्ये परवाना देताना पोलीस घरी येऊन बंदुकीचं कपाट बघतात. भिंतीला बांधलंय का, कुलूप कसलं आहे, किल्ली कुठे. आपल्याकडे हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी येतोच की. गावात पोलीस पाटील आहेत, बीट अंमलदार आहेत. पाच वर्षांतून एकदा, नूतनीकरणाच्या वेळी, बंदूक ठेवायची जागा डोळ्यांनी बघून अर्ध्या पानाचा शेरा लिहायचा, यासाठी नवा कायदा लागत नाही. मात्र बघायला येणाऱ्याने नुसता दंडुका आपटू नये. चार फुटी लोखंडी पेटी आपला फॅब्रिकेशनवाला दोन दिवसांत करून देतो. अँगलची चौकट, दोन मिमी पत्रा, आतून बिजागऱ्या, दोन कुलपं. फवारणी पंपाला, ताडपत्रीला, कुंपणाला अनुदानाच्या योजना निघतात. राखणीच्या बंदुकीच्या पेटीला जिल्हा परिषदेच्या एखाद्या शेतीच्या योजनेतून थोडी मदत दिली तर जिल्ह्याची तिजोरी काही रिकामी होणार नाही. पालकमंत्री, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, तिघांनी एका बैठकीत ठरवण्यासारखी ही गोष्ट आहे. निवेदन द्यायला मी तयार आहे, बागायतदार संघटनांनी सोबत यावं.

काही जण म्हणतील, "इतकी वर्षं टांगलेली आहे, काही झालं नाही." असू दे. घर आधीचंच आहे, पण पूर्वी घरात रोजची पोरं असत आणि आजोबांच्या धाकात असत. आता वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला येतात, आणि त्यांना त्या घरातली प्रत्येक गोष्ट नवी असते.

आता त्या तिघांसाठी. कंत्राटदार साहेब, तुम्हाला पेटी हवी, घ्या. बटणांची, जाड पत्र्याची, कॉलमला बोल्ट केलेली. हत्यार रिकामं आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. बसवल्यावर आठवडाभर रोज रात्री दिवा बंद करून, रिकाम्या पेटीवर, उघडायचा सराव करा आणि मग घरातल्या सर्वात उचापत्या पोराला ती रिकामी पेटी दिवसभर खेळायला द्या. त्याने उघडली तर दुकानदाराला परत करा. सोन्याचांदीचे आमचे मित्र, तुमचं हत्यार दुकानासाठी आहे, ते रात्री घरी उशाशी कशाला? दुकानाच्या मोठ्या तिजोरीच्या आत आणखी एक कप्पा करून घ्या आणि त्याची किल्ली नोकराच्या जुडग्यात अडकवू नका.

आणि काका, तुम्ही चाळीस वर्षांत एकदाही ते रिव्हॉल्वर वापरलेलं नाही, तुम्हीच सांगितलंत. तुमच्यासाठी कुठलीच पेटी मी सुचवणार नाही. हत्यार रीतसर विकता येतं, पोलीस ठाण्यात जमा करता येतं, किंवा ज्याच्याकडे तसा परवाना आहे त्या शस्त्रविक्रेत्याकडे पावती घेऊन ठेवता येतं. यंदा नातवंडं गणपतीला येणार आहेत म्हणालात. त्याच्या आधी ठाण्यात एक चक्कर मारून या. सकाळी अकराच्या सुमाराला जा, परवान्याची मूळ प्रत सोबत न्या, आणि पावतीवर हत्याराचा नंबर बरोबर लिहिलाय का ते तिथेच वाचून बघा.